बलभुजा, भारभुजा आणि लाल लीव्हर

मोटरसायकलला एकूण भाग किती, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. चालवताना मालकाचा हात लागतो तो दोन मुठींना, चार बटणांना आणि दोन लीव्हरना. बाकीचं सगळं यंत्र मांडीखाली निमूट स्फोट करत बसलेलं असतं आणि त्याची आठवण थेट सर्व्हिसिंगचं बिल आल्यावर होते. म्हणून गाडीवर जीव जडला की माणूस पहिल्यांदा या हाताला लागणाऱ्या वस्तूंवर घसरतो. नवा पिस्टन टाकला तर तो शेजाऱ्याला दाखवता येत नाही. सीएनसी मशीनवर कापलेला, सहा आकड्यांची चकती बसवलेला लालभडक लीव्हर मात्र गाडी स्टँडवर लावूनही दाखवता येतो. किंबहुना स्टँडवर लावल्यावरच तो जास्त काम करतो.

तंजावरात या व्याधीची साथ कमी असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. गाव बृहदीश्वराचं, वीणेचं, सोन्याचा वर्ख लावलेल्या चित्रांचं. इथल्या माणसाला चकाकत्या वस्तूची हौस भागवायला मोटरसायकल कशाला लागावी? पण जुन्या बसस्टँडच्या अंगाला ॲक्सेसरीच्या दुकानांसमोरून संध्याकाळी गेलात तर कळेल. कॉलेजातली पोरं दुकानाबाहेर उभी राहून काचेमागच्या लीव्हरांकडे ज्या भक्तीने बघतात, त्या भक्तीने देवळात फार तर परीक्षेच्या आठवड्यात बघत असतील.

लीव्हरच्या पाकिटावर चार वचनं छापलेली असतात. क्लच हलका होईल. ब्रेक जोरात लागेल. पडल्यावर मोडणार नाही. आणि चौथं नुसतंच: रेसिंग. या वचनांची जातकुळी बृहदीश्वराच्या सावलीची. साठ मीटरांहून उंच विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही, असं इथे आल्यागेल्याला सांगितलं जातं, आणि दुपारी साडेतीनला सांगणारा बहुधा त्याच सावलीत उभा असतो.

आमचे घरमालक रायर मेल वीदीत राहतात. तंजावरच्या मराठी ब्राह्मणांना इकडे रायर म्हणायचा प्रघात आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात इथे भोसल्यांची गादी मांडली, ती 1855 साली मोडली, पण गादीच्या आगेमागे आलेली माणसं घराघरांतून राहून गेली. आमच्या रायरांची मराठी सरफोजीराजांच्या काळी महालातून निघाली आणि वाटेत थांब्याथांब्यावर तिच्यात तमिळ चढत गेलं. त्यांचं बोलणं मी इथे आपल्या मराठीत उतरवून देतो. तसंच्या तसं लिहिलं तर ओळींपेक्षा तळटीपा जास्त होतील.

रायरांकडे सत्तरच्या दशकातली बुलेट आहे. ज्याला लीव्हरांची हौस आहे त्याने ही गाडी एकदा बघावी, कारण त्या काळच्या बुलेटवर लीव्हरांचा नुसता सुकाळ. उजव्या हाताला ब्रेक, डाव्या हाताला क्लच, आणि क्लचच्या जवळच एक चिमुकला लीव्हर, डीकॉम्प्रेसरचा. गाडी सुरू करायची तर आधी हेडलाइटच्या वरच्या अँपिअरमीटरकडे डोळे लावून किक हळूहळू दाबायची, काटा मधोमध आला की तो चिमुकला लीव्हर ओढून पिस्टन अंमळ पुढे सरकू द्यायचा, लीव्हर सोडायचा, आणि मग कुलदैवत आठवून किक मारायची. क्रम चुकला तर किक उलटी येते आणि पोटरीवर आठवडाभर नोंद राहते. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर उचलून, बाकीचे तीन खाली दाबून. शिवाय टाचेजवळ आणखी एक लीव्हर, न्यूट्रल शोधून देणारा: पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून टाचेने तो दाबला की गाडी न्यूट्रल. न्यूट्रल सापडणं इतकं अवघड असतं, हे कारखान्यातच कबूल करून त्यासाठी वेगळा लीव्हर देणाऱ्या गाडीचा प्रामाणिकपणा मला फार भावतो.

एनफिल्ड इंडियाचा संसार 1955 साली मद्रासेत सुरू झाला. रायर हे अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडीची कुंडली त्यांच्या हस्ते मांडली गेली.

त्यांच्या बहिणीची दोन मुलं त्यांच्याकडेच राहतात. थोरली भाची मेडिकल कॉलेजात हाउस सर्जन. धाकटा भाचा मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि त्याच्याकडे साडेतीनशे सीसीची नवी गाडी. एका रविवारी त्याने घरात जाहीर केलं की क्लच दाबून दाबून त्याचा डावा हात दुखतो, सबब सीएनसी लीव्हर घेणं आलं.

क्लचचा प्रश्न तंजावरात अगदीच काल्पनिक नाही. तिरुवैयारूला जायचं म्हटलं तर अंतर जेमतेम तेरा किलोमीटर, पण वाटेत वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी, अशा पाच नद्या ओलांडायच्या. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी भाताचा पेंढा लादलेली बैलगाडी, ऊस लादलेला ट्रॅक्टर आणि आपल्याच वेळेला सुटलेली बस यांची गाठ पडते. जानेवारीत तिथे संगीतकार त्यागराजांची आराधना असते तेव्हा तर तिकडे पंचरत्न कीर्तनं रंगात येईपर्यंत आपण दुसऱ्या पुलावर पहिल्या गिअरमध्ये असतो. अशा वेळी डाव्या हाताची चार बोटं संपावर जातात, हे खरं.

तरीही मी भाच्याला म्हटलं, आधी मेकॅनिककडे जाऊ.

कीळवासलच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचे मेकॅनिक अण्णे बसतात. तमिळनाडूत मेकॅनिक वयाने लहान असला तरी अण्णे. त्यांनी तक्रार ऐकून घेतली, लीव्हरकडे बघितलंसुद्धा नाही, आणि हँडलबारकडे बोट दाखवून विचारलं, "तंबी, हे कधी बदललं?"

गेल्या दिवाळीत. भाच्याने मूळ हँडलबार काढून उंच, रुंद, लांबच्या प्रवासाचा म्हणून मिळतो तो बसवला होता. बसवणाऱ्याने केबल तीच ठेवली. उंचावलेल्या हँडलला ती पुरेना, तेव्हा टाकीखालून तिला असा पीळ देऊन नेली होती की आतली तार बाहेरच्या कवचाला घासूनच पुढे जावी. अण्णेंनी केबलचं टोक लीव्हरमधून सोडवलं आणि रिकामा लीव्हर करंगळीने हलवून दाखवला. हलला. मग नुसती तार ओढायला भाच्याच्या हातात दिली. त्याने तोंड वाकडं केलं.

इथे माझं मत मी सांगूनच टाकतो, कारण पुढे गोंधळात राहून जाईल. बाजारात जे लीव्हर हात दुखतो म्हणून विकत घेतले जातात, त्यातले बरेचसे एका केबलच्या पापाचं प्रायश्चित्त असतात. केबल टाकीखाली असते, लीव्हर डोळ्यासमोर. शिक्षा समोर दिसेल त्याला होते. शिवाय ॲक्सेसरीला ॲक्सेसरी जन्म देते. उंच हँडलने क्लच जड केला, जड क्लचने लीव्हर मागितला, उद्या लाल लीव्हरला शोभेल म्हणून ब्रेक ऑइलच्या डबीला लाल झाकण लागेल. मूळ गाडीत हे तिन्ही होतं, काळ्या रंगात, गाडीच्या किमतीत.

नवी, थोडी लांब केबल दोन-अडीचशे रुपयांत आली. लीव्हरच्या बोल्टला ग्रीस लागलं. क्लच लोण्याचा झाला नाही, पण माणसाचा झाला. भाचा मात्र खट्टू. त्याला हात दुखायचा थांबायला नको होता, लीव्हर हवा होता.

मग मी त्याला शाळेत नेलं. आपल्याकडे विज्ञानाच्या पुस्तकात तरफेचा धडा असतो: टेकू, भार, बल. कात्री पहिल्या प्रकारची, अडकित्ता दुसऱ्या, चिमटा तिसऱ्या. सहामाहीला हा प्रश्न हमखास यायचा, आणि वर्गातला अर्धा भाग अडकित्त्यात अडकायचा. टेकूपासून बोटापर्यंतची लांबी ती बलभुजा. टेकूपासून ओझ्यापर्यंतची ती भारभुजा. क्लचच्या लीव्हरला टेकू म्हणजे तो बोल्ट, ओझं म्हणजे केबलचं निप्पल, बल म्हणजे आपण. बलभुजा लांब असेल तितका जोर कमी लागतो.

आता पोरांना लीव्हर हवा असतो तो आखूड, दोन बोटांचा, कारण शर्यतीतल्या गाड्यांना तसा असतो. आखूड म्हणजे बलभुजा कापली. म्हणजे क्लच हलका करायला हजारो रुपये घालून आणलेल्या वस्तूचं पहिलं काम तो जड करणं. हे पाकिट छापणाऱ्यालाही कळतं, म्हणून काही लीव्हरांत निप्पलचं भोक बोल्टच्या जवळ सरकवलेलं असतं. भारभुजाही कापली की हिशेब जुळला! समजा, 28 मिलिमीटरची भारभुजा 25 वर आणली, तर जोर साधारण नवव्या हिश्श्याने कमी लागेल. पण केबलही तेवढ्याच हिश्श्याने कमी ओढली जाईल. निसर्गाच्या दुकानात उधारी नाही. जोरात वाचवलेलं तो अंतरात कापून घेतो. केबल पुरती ओढली गेली नाही की क्लच-प्लेटा एकमेकींपासून पुरत्या सुटत नाहीत. क्लच दाबूनही गाडी सिग्नलला पुढे पुढे सरकते, गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, आणि न्यूट्रल सापडेनासा होतो. मग रायरांच्या बुलेटच्या टाचेजवळचा तो लीव्हर आठवतो.

भाच्याने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मशीन डिझाइनमध्ये त्याला चांगले मार्क आहेत. आणि पुढच्याच आठवड्यात तो चेन्नैला जाऊन लीव्हर घेऊन आला.

चेन्नैत या कामासाठी जनरल पॅटर्स रोड, जसा पुण्यात नाना पेठ. जुन्यात हवा असेल तर पुदुपेट्टै, जिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव वेगवेगळे विकले जातात, आणि तिथे आपलीच गाडी सुट्या भागांत परत विकत घेतलेल्या गृहस्थाची गोष्ट प्रत्येकाच्या मित्राच्या मित्राच्या बाबतीत घडलेली असते. लीव्हरचे या बाजारात पाच वर्ण आहेत. पहिला ओरिजिनल, म्हणजे कंपनीच्या पिशवीतला. दुसरा लोकल. तिसरा या दोघांच्या मधला, ज्याला दुकानदार डोळे किंचित बारीक करून "ओरिजिनल मादिरी" म्हणतो. यांची जोडी काहीशे रुपयांच्या आत-बाहेर. चौथा वर्ण सीएनसीवाल्यांचा, हजार-दीड हजारापासून पुढे. आणि पाचवे ते परदेशी, ज्यांच्या जोडीच्या किमतीत एखादी जुनी मोपेड येईल. भाच्याने चौथ्या वर्णातला, मध्यम घराण्यातला, लाल रंगाचा, मिटणारा आणि आकड्यांची चकती असलेला निवडला होता.

मिटणारा म्हणजे गाडी पडली की लीव्हर मोडण्याऐवजी बाहेरच्या बाजूला दुमडतो आणि परत जागेवर येतो. तंजावरची ती डोलणारी बाहुली असते ना, कितीही आडवी करा, उभी राहते, तसा. कल्पना चांगली आहे, यात शंका नाही. पण मूळ लीव्हर बनवणारे अगदीच बुद्दू नव्हते. ओतीव ॲल्युमिनियमचा साधा लीव्हर पडल्यावर बहुतेकदा वाकतो, आणि वाकलेल्या लीव्हरने माणूस घरी पोचतो. त्याच्या टोकाला जो गोळा असतो तो शोभेचा नाही. टोक पोटात घुसू नये म्हणून आहे. पुष्कळ लीव्हरांना टोकाजवळ मुद्दाम खाच किंवा भोक ठेवलेलं असतं, म्हणजे मोडायचाच असेल तर तिथे मोडावा आणि दोन-तीन बोटांपुरता उरावा. मोडण्याची जागासुद्धा ठरवून देणं, हे खरं इंजिनीअरिंग. स्वस्त सीएनसीवाल्यांत ही खाच पुष्कळदा नक्षी म्हणून कोरलेली असते, भलत्याच ठिकाणी. लांबच्या प्रवासाला निघणारे जुने लोक एक सुटा साधा लीव्हर आणि एक केबल सामानात टाकतात. मिटणाऱ्या लीव्हरपेक्षा हा उपाय स्वस्त, फक्त तो कुणाला दिसत नाही, ही त्याची मोठी उणीव.

लीव्हर बसवायला पुन्हा अण्णे. क्लचचा पाच मिनिटांत झाला. ब्रेकचा हातात घेतला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"क्लच चुकला तर गाडी बंद पडते," ते म्हणाले. "हा चुकला तर गाडी बंद पडत नाही." एवढं बोलून त्यांनी व्हर्निअर काढलं.

पुढच्या डिस्क ब्रेकच्या लीव्हरला आतल्या बाजूने एक नाक असतं. ते मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतं, पिस्टन ऑइल ढकलतो, ऑइल ब्रेक-पॅड ढकलतं. लीव्हर सोडलेला असताना नाक आणि पिस्टन यांच्यात केसभर मोकळीक राहिली पाहिजे. नाक जरासं लांब झालं तर पिस्टन पुरता मागे येत नाही, आणि ज्या बारीक छिद्रातून ऑइल परत डबीत जायचं ते बंद राहतं. गाडी चालली, ब्रेक तापला, ऑइल फुगलं, आणि त्याला जायला जागा नाही. मग कुणी लीव्हर न दाबताच ब्रेक आवळत जातो. "ब्रेक आपोआप लागणार," अण्णे म्हणाले. "फ्री." उलट नाक आखूड असेल तर लीव्हर मुठीला टेकतो तरी गाडी थांबायचा विचारच करत असते. आणि नाकाच्या शेजारी ब्रेक-लाइटचा स्विच. लीव्हरचा आकार किंचित वेगळा असला की मागचा दिवा एकतर सदैव पेटलेला, नाहीतर कधीच नाही. दोन्ही प्रकारांत मागून येणाऱ्याला आपल्या मनातलं काही कळत नाही.

भाच्याच्या लीव्हरचं नाक लांब होतं. पाकिटावर गाडीचं नाव बरोबर होतं, मॉडेलही बरोबर, फक्त लीव्हर कुण्या दुसऱ्याच गाडीचं स्वप्न बघत कापलेला असावा. परत चेन्नै. बदलून आणलेला बसला. अण्णेंनी पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं, ब्रेक दाबला, सोडला, परत फिरवलं, मागच्या दिव्याकडे मला उभं केलं, मग स्वतः एक चक्कर मारून आले आणि डिस्कला बोट लावून तापली का ते बघितलं. वस्तू दीड-दोन हजारांची. हे बघणं शंभर रुपयांचं. ज्याला हे बघणारा माणूस मिळत नाही त्याने सीएनसी लीव्हर घेऊ नये, इतपत ठाम मत मी द्यायला तयार आहे.

"ब्रेक जोरात लागेल" या वचनाचं काय? ब्रेक लागतो तो पॅड, डिस्क, टायर आणि रस्ता यांच्या कृपेने. शिवाय 1 एप्रिल 2019 पासून आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटरसायकलला एबीएस सक्तीचं आहे. चाक लॉक होऊ द्यायचं की नाही हे आता एक छोटा संगणक ठरवतो, आणि त्याला लीव्हरचा रंग दिसत नाही.

राहता राहिलं रेसिंग. भाच्याला पुढे लीव्हर-गार्ड हवा होता. लीव्हरच्या पुढून कमानीसारखा वळणारा तो दांडा. त्याचं मूळ अस्सल आहे. 2006 साली कातालुन्याच्या मोटोजीपी शर्यतीत सुरुवातीलाच सेटे जिबर्नाऊचा ब्रेक-लीव्हर त्याच्याच संघातल्या लोरिस कापिरोस्सीच्या गाडीला घासला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि जिबर्नाऊ गाडीसकट उलटा झाला. पुढे शर्यतींत हे गार्ड सक्तीचे झाले. तंजावरच्या तेरकू वीदीत आमच्या भाच्याचा वेग ताशी वीस. तिथे त्याच्या लीव्हरला घासू शकेल असं एकच वाहन: केळीच्या पानांचे भारे दोन्ही अंगांनी लादलेली टीव्हीएस एक्सएल. त्या गाडीला क्लचच नाही, दोन्ही हातांत ब्रेक. मागे नारळ, पुढे चाऱ्याची पेंढी, मध्ये पाय टेकवायला उरलेल्या जागेत शेतकरी, आणि लीव्हरच्या टोकाला लटकवलेली दुधाची किटली. लीव्हरचा एवढा पुरेपूर उपयोग जगातल्या कुठल्याही शर्यतीत झालेला नसेल.

संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली. रायर ओट्यावर येऊन बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता त्यागराज येणार. सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं, नजराणा पाठवला, तरी त्यागराज गेले नाहीत, अशी कथा सांगतात; नको असलेली वस्तू कुणी घरात आणली की रायर ती ऐकवतात. पण त्या दिवशी ते थेट देवळात शिरले.

"मोठं देऊळ चोळांचं," ते म्हणाले. "राजराजाने 1010 साली पुरं केलं. समोरच्या नंदीचा मंडप कुणाचा? नायकांचा. सुब्रह्मण्याचं देऊळ? तेही नायकांचं. गणपतीचं देऊळ आपल्या मराठ्यांनी सुधारलं. आणि भिंतीवर भोसल्यांचा सगळा वंश मराठीत खोदून ठेवला, 1803 साली. सगळ्यांनी काही ना काही लावलंच. पण विमानाला हात लावला का कुणी?"

"म्हणजे मामा, लीव्हर लावायला हरकत नाही," भाचा म्हणाला.

रायर क्षणभर थांबले. युक्तिवाद आपल्या हातून सुटून भलत्याच गाडीवर बसला, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग ते सरफोजींवर सरकले. राजाला बाहेरच्या वस्तूंची हौस फार. पण त्याने छापखाना काढला 1805 मध्ये, आणि 1806 साली त्यातून इसापनीतीचं मराठी पुस्तक निघालं, बालबोधमुक्तावली. त्या वेळी पुण्यात काय छापत होते, असं त्यांनी माझ्याकडे रोखून बघत विचारलं. मी पुण्याच्या वतीने गप्प राहिलो. मग त्याच राजाने इंग्रजांनी नेपोलियनला नमवलं म्हणून 1814 मध्ये मनोरा बांधला. नेपोलियन हरला तिकडे युरोपात, मनोरा उभा राहिला इकडे पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्रकाठी. "छापखाना चालला," रायर म्हणाले. "मनोरा नुसता दिसतो. तुझा लीव्हर यातला कुठला?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. ते आलं त्याच्या बहिणीकडून, आणि तेही महिन्याभराने.

तिची स्कूटर बिघडली म्हणून ती भावाची गाडी घेऊन मेडिकल कॉलेज रोडने हॉस्पिटलात जाऊ लागली. मूळ लीव्हर असताना तिने ही गाडी एकदाच चालवून सोडून दिली होती. तिचे हात लहान. बोटांची टोकं लीव्हरपर्यंत पोचायची, पण फक्त टोकंच, आणि ब्रेक धरायचा तर मूठ सैल करून हात पुढे सरकवावा लागायचा. गर्दीत ते धोक्याचं. लीव्हर बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर जो हात असतो तो बहुधा पुरुषाचा, आणि तोही पंजाब किंवा जर्मनीकडचा असावा. आता तिने चकती फिरवली, लीव्हर मुठीच्या जवळ आणला, आणि पहिल्या दोन पेरांत तो बसला. एवढ्याचसाठी ही वस्तू घ्यावी, असं माझं मत आहे. आखूड नको, लाल नको, मिटला नाही तरी चालेल, चकती हवी. चाकणला बनणाऱ्या केटीएमवर किंवा आता इतरही काही नव्या गाड्यांवर ही चकती कंपनीच देते, तेव्हा लहान हाताच्या माणसाने गाडी घेतानाच ती मागून घ्यावी आणि आमच्या भाच्याचे चेन्नैचे दोन फेरे वाचवावेत.

घरात मात्र शांतता राहिली नाही. भाऊ सकाळी चकती सहावर नेतो, बहीण दोनवर आणते. तो म्हणतो, तू माझी सेटिंग बिघडवतेस. ती म्हणते, मी पेशंट सोडून तुझी सेटिंग सांभाळू का? त्यातच तंजावरच्या उन्हाने आपलं काम केलं. ॲल्युमिनियमवर चढवलेला तो लाल रंग उन्हात उतरतो. लीव्हर आधी विटकरी झाले, आता गुलाबीकडे झुकलेत. बहिणीला ते जास्त आवडायला लागले, तेव्हा भावाने त्यांच्यावरचा हक्क निम्मा सोडला.

परवा अण्णेंकडे रायरांची बुलेट नेली होती. रायर स्वतः आले होते. त्यांच्या बोटांचे सांधे अलीकडे दुखतात. क्लच धरताना ते आधी अंगठा मुठीवर रोवतात आणि मग बाकीचा हात ओढून आणतात, हे मी कधीचं बघतोय. भाचा पलीकडच्या टपरीवर चहा सांगायला गेल्यावर त्यांनी अण्णेंना जवळ बोलावलं आणि विचारलं, जुन्या बुलेटला तो चकतीवाला लीव्हर मिळतो का.

"काळा," ते घाईने म्हणाले. "लाल नको."

अण्णेंनी बुलेटच्या क्लचचा लीव्हर एकदा दाबून बघितला. "मिळेल, अय्या," ते म्हणाले. "आधी केबल बघू."